शिकवायला आवडतं, मग शाळा नकोशी का होते?

शिक्षकांविषयी दोन प्रश्न नेहमी कानावर येतात. पहिला बाहेरच्यांचा: "दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, संध्याकाळी पाचला घरी. मग या लोकांना थकायला काय होतं?" दुसरा खुद्द शिक्षकांचा. तो सहसा एखाद्या जवळच्या सहकाऱ्यापाशी, आवाज उतरवून विचारला जातो: "मला मुलं आवडतात, शिकवायलाही आवडतं. तरी रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा का येतो? सोडून द्यावी का ही नोकरी?"

या प्रकरणात आपण दुसऱ्या प्रश्नामागे जाणार आहोत. त्याचा उलगडा झाला की पहिला प्रश्न विचारणाऱ्यालाही उत्तर मिळेल.

१. थकवा कुठे संपतो?

सलग तास घेऊन घसा बसला, पाय दुखले, घरी येऊन आडवं व्हावंसं वाटलं, तर तो थकवा. विहिरीतून दिवसभर उपसा केला की पाणी खाली जातं. रात्री मोटर बंद असते, झरे चालू असतात आणि सकाळी पाणी पुन्हा वर आलेलं दिसतं. थकव्याचं असंच असतं. पण मोटर रात्रंदिवस चालू राहिली आणि झरेही गाळानं बुजत गेले, तर एका रात्रीत विहीर भरत नाही. महिनाभर थांबलं तरी भरत नाही. माणसाची अशी अवस्था होते तिला मानसशास्त्रात बर्नआउट म्हणतात.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली या अवस्थेवर लिहिलेला लेख गाजला. ते दिवसा स्वतःचे रुग्ण तपासत आणि नंतर न्यूयॉर्कमधल्या एका मोफत आरोग्यकेंद्रात काम करत. तिथे तळमळीनं आलेले कार्यकर्ते काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे होत गेलेले त्यांनी पाहिले आणि स्वतःवरही तीच वेळ आलेली अनुभवली. त्यांचं एक निरीक्षण शिक्षकांनी जवळ ठेवावं असं आहे: कामात जीव ओतणाऱ्यांनाच हा धोका जास्त असतो. म्हणून बर्नआउट झालेल्या शिक्षकाला "कामचुकार" म्हणणं चुकीचं तर आहेच, शिवाय ते अन्यायाचंही आहे.

पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. नंतर तिची शिक्षकांसाठी वेगळी आवृत्तीही निघाली. या प्रश्नावलीत तीन गोष्टी पाहतात.

पहिली म्हणजे भावनिक रितेपणा. सकाळी उठतानाच वाटतं की आज द्यायला आपल्यापाशी काही शिल्लक नाही.

दुसरी म्हणजे माणसांविषयी येणारा कोरडेपणा. शाळेत नवीन लागलेली शिक्षिका कोणाचे वडील ऊसतोडीला गेलेत, कोण आजीकडे राहतं, कोणाला चष्मा हवाय, हे सगळं जाणून असते. काही वर्षांनी तिच्याच तोंडून निघतं, "ही पोरं अशीच. यांचं काही होणार नाही." ऐकणाऱ्याला तो उर्मटपणा वाटतो. प्रत्यक्षात मनानं स्वतःला वाचवण्यासाठी घातलेलं ते कुंपण असतं. समोरच्या मुलाचं दुःख पुन्हा आत घेण्याची ताकद उरली नाही, म्हणून मन त्या मुलाला लांब ठेवतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. आत काहीही चाललेलं असो, चेहऱ्यावर ठरलेला भाव ठेवणं हेही श्रमच आहेत, असं त्यांचं म्हणणं. शिक्षकाला हे श्रम चाळीस मुलांसमोर, दर तासाला, वर्षानुवर्षं करावे लागतात. त्याची नोंद कुठल्याही वेतनश्रेणीत नाही.

तिसरी गोष्ट, आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. निकाल चांगला लागला तरी समाधान मिळत नाही. मुलं पुढे जातात ती आपल्यामुळे नाही, असं वाटू लागतं.

तिन्ही एकदम येतातच असं नाही. पण दुसरी आणि तिसरी बरेच दिवस मुक्कामाला असतील, तर दोन दिवस गावाला जाऊन येण्यानं काम भागणार नाही.

२. मे महिन्याची सुट्टी कुठे जाते?

सुट्टीचा माणसाला उपयोग होतो. मात्र कामावर परतल्यावर तो फायदा काही आठवड्यांतच ओसरतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिन सोनेनटाग यांच्या संशोधनाचा रोख असा की, शरीर कामापासून दूर जाणं पुरेसं नाही, मनानंही काम खाली ठेवावं लागतं. सुट्टीत निवडणुकीचं प्रशिक्षण, पटनोंदणीसाठी घरोघर फेऱ्या आणि व्हॉट्सॲपच्या गटावर "माहिती आजच सादर करावी" असे निरोप येत राहिले, तर शाळेला कुलूप असूनही शिक्षक शाळेतच असतो. १५ जूनला शाळा उघडते तेव्हा तो ताजातवाना होऊन आलेला नसतो.

३. पंचेचाळीस तासांचा हिशेब

आता जरा कागद-पेन्सिल घेऊन बसू. सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास ४५ धरले आहेत आणि त्यांत तयारीचा वेळ मोजला आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावं, असंही तिथे म्हटलं आहे. ८०० ला २०० नं भागा. रोजचे चार तास होतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २४ तास. ४५ मधून २४ वजा केले की उरतात २१. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास आहेत, म्हणजे रोजचे साधारण साडेचार तास. तिथे आठवड्याला १८ तास उरतात.

हे १८ ते २१ तास कायद्यानं रिकामे सोडलेले नाहीत. उद्याच्या पाठाची तयारी, वह्या तपासणं, मागे पडलेल्या मुलाला जवळ बसवून शिकवणं, पालकांशी बोलणं यांसाठी ते आहेत. शिक्षकाच्या कामातला हाच भाग त्याला आतून भरत असतो. अडलेलं मूल मोकळं होतं ते बहुधा याच वेळात.

प्रत्यक्षात हे तास कशात जातात, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी यादी देतो: यू-डायस प्लस आणि सरल या पोर्टलांवरच्या नोंदी, विद्यार्थ्यांच्या आधारमधल्या चुका, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद आणि तांदळाच्या साठ्याची वही, शिष्यवृत्तीचे अर्ज, गणवेशाचा हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्रं, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, निरक्षरांचं सर्वेक्षण, शाळाबाह्य मुलांचा शोध, प्रत्येक उपक्रमाचे फोटो आणि त्यांचा अहवाल. यातलं कुठलंही एक काम घेतलं तर ते गैर नाही. मुलांना जेवण मिळालं याची नोंद हवीच. पण बहुतेक जिल्हा परिषद शाळांमध्ये लिपिक नसतो. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असा कायद्याचा निकष आहे. चार वर्ग, दोन माणसं आणि वरची सगळी यादी. एक जण तालुक्याला बैठकीसाठी गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात.

राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन संस्थेनं काही राज्यांतल्या शाळांचा अभ्यास करून २०१८ मध्ये अहवाल दिला. शाळेच्या वार्षिक तासांपैकी जेमतेम १९ टक्के वेळ प्रत्यक्ष शिकवण्यात जातो, असं त्यात आढळलं. उरलेला सगळा वेळ वाया गेला असं नाही, कारण चाचण्या आणि उपक्रमही त्यात येतात. तरीही हा आकडा अस्वस्थ करणारा आहे.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई करतं. अपवाद तीनच आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. त्याआधी, डिसेंबर २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं मतदार यादी आणि निवडणुकीच्या कामाबाबत निर्णय दिला होता. अशी कामं शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, शिकवण्याच्या दिवशी शाळेच्या वेळात सहसा देऊ नयेत, असं त्यात म्हटलं आहे. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून नेमलेल्या शिक्षकांना या निर्णयाची आठवण ठेवावी लागते, कारण यादीचं काम निवडणुकीपुरतं राहत नाही.

माझ्या मते यातलं सर्वांत जास्त नुकसान किती तास गेले याचं नसतं. ते पाठ मधेच तुटण्याचं असतं. समजा, तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे. एका मुलीला दशकाकडून एकक घेणं आत्ता कुठे कळायला लागलंय. तेवढ्यात फोन वाजतो, "दोन वाजेपर्यंत माहिती भरा, अन्यथा जबाबदारी आपली राहील." फोन बाजूला ठेवला तर उद्या कारणे दाखवा नोटीस. हातात घेतला तर त्या मुलीच्या डोक्यात उमटत असलेलं गणित विस्कटतं. काहीही निवडलं तरी आपण चुकीचं वागलो असंच वाटतं. असा प्रसंग दिवसातून चार वेळा आला, वर्षातून दोनशे दिवस आला, तर कामावर प्रेम असलेला माणूसच आधी मोडतो. ज्याला त्या मुलीचं काही वाटत नाही, त्याला फोन उचलायला त्रास होत नाही.

४. ओझं तेच, पण मुभा नाही

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची माहिती तपासून एक सूत्र मांडलं. कामाचा भार जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, अशी जोडी असेल तर ताण सर्वाधिक. भार जास्त असला पण मुभाही असली, तर माणूस त्यातून शिकतो, फुलतो. स्नेहसंमेलनाच्या महिन्यात शिक्षक रात्री उशिरापर्यंत थांबून नाटक बसवतात आणि घरी खुशीत जातात. तास वाढलेले असतात, पण नाटक त्यांचं असतं.

दुसरं सूत्र संशोधक योहानेस झीग्रिस्ट यांचं, १९९६ चं. केलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला यांतली तफावत माणसाला आजारी पाडते, असं ते सांगतात. मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वती या दोन गोष्टीही ते धरतात.

आता महाराष्ट्रातल्या एका शिक्षकखोलीत डोकावून पाहा. एका टेबलाभोवती बसलेली माणसं तोच अभ्यासक्रम शिकवतात, पण एक पूर्ण अनुदानित पदावर, दुसरा अंशतः अनुदानित तुकडीवर टप्प्याटप्प्यानं येणाऱ्या टक्क्यांची वाट पाहणारा, तिसरा विनाअनुदानित, चौथी शिक्षणसेवक. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झालं, तेही तीन वर्षांपुरतं. त्याआधी भरतीसाठी पाहावी लागलेली वाट वेगळीच. भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली आणि नंतर थेट २०२३ मध्ये. पदविका हातात घेऊन थांबलेल्या तरुणांची उमेदीची वर्षं त्या वाट पाहण्यात गेली. नोकरीच्या पहिल्या दिवशीच ते दमलेले असतात. पेन्शनचंही तसंच: १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्याला जुनी निवृत्तिवेतन योजना, नंतरच्याला सहसा नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तो यासाठीच.

शाश्वतीला ताजा धक्का १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बसला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असं त्यात सांगितलं आहे. मुलांना पात्र शिक्षक मिळावा हा हेतू कोणीही नाकारणार नाही. पण वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला आपली नोकरीच पुन्हा परीक्षेला बसली आहे असं वाटणं किती खचवणारं असेल, तेही समजून घ्यायला हवं.

५. हा आजार आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटला स्थान दिलं, पण आजार म्हणून दिलेलं नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती, अशी तिची नोंद आहे. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे.

नैराश्याशी मात्र गल्लत करू नये. बर्नआउट प्रामुख्यानं कामाभोवती असतं. शाळेचा विचार नकोसा वाटतो, पण भाचीच्या लग्नात मन रमतं. नैराश्य सगळीकडे पसरतं. आवडीचं गाणं, जेवण, माणसं, कशातच गोडी राहत नाही, झोप बिघडते, जगण्याचाच कंटाळा येतो. असं असेल तर नोकरी बदलण्याचा विचार मागे ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. सततच्या थकव्यामागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा मधुमेहही असू शकतो, ती तपासणी करून घ्यावी. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

६. नेमकं काय सोडायचं आहे?

युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख शिक्षक कमी पडणार आहेत. प्राथमिक शिक्षकांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण २०१५ मध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास होतं, २०२२ मध्ये ते नऊ टक्क्यांच्या घरात गेलं.

आपल्याकडे हे राजीनाम्यांतून फारसं दिसत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांतून माणसं जातात-येतात, पण कायम नोकरीतला शिक्षक सहसा सोडत नाही. तो हजेरीपटावर राहतो आणि मनानं निघून जातो. कोणी प्रतिनियुक्तीच्या मागे लागतो, कोणी स्पर्धा परीक्षांच्या, कोणी शेतीत किंवा विम्याच्या कामात जीव रमवतो. अशा न दिसणाऱ्या जाण्याची किंमत मुलं मोजतात आणि तो शिक्षकही मोजतो.

म्हणून 'सोडावं की राहावं' हा प्रश्न थेट विचारण्याआधी त्याचे तीन तुकडे करावेत. मला शिकवणं नको आहे, ही शाळा नको आहे, की नोकरीची ही चौकट नको आहे? उत्तर डोक्यातून काढायला गेलं की ते त्या दिवसाच्या रागावर ठरतं. त्यापेक्षा दोन आठवडे रोज संध्याकाळी वहीत दोनच ओळी लिहाव्यात: आज कशानं जड वाटलं, कशानं हलकं. समजा, एका शिक्षिकेच्या वहीत 'जड' खाली मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर बोलणं, बैठक, पोर्टल असं येत राहिलं आणि 'हलकं' खाली कवितेचा तास, सातवीतल्या मुलाचा प्रश्न, विज्ञानाचा प्रयोग. मग तिला शिकवणं सोडायचं नाही. तिला शाळा बदलायची आहे. जिल्हा परिषदेत बदलीचा मार्ग, खासगीत दुसरी संस्था. दुसऱ्याच्या वहीत 'जड' खाली वर्गच आला, मुलांचा गोंगाट, तेच ते समजावणं, आणि 'हलकं' खाली नव्या शिक्षकाला मदत, स्वाध्यायपुस्तिका तयार करणं, तालुक्याचं प्रशिक्षण घेणं. त्याची जागा शिक्षणातच, पण वर्गाबाहेर आहे: साधनव्यक्ती, केंद्रप्रमुख, पाठ्यपुस्तकांचं काम, शिक्षणात काम करणाऱ्या सामाजिक संस्था, शैक्षणिक साहित्याची निर्मिती. तिसऱ्याच्या वहीत 'हलकं' खाली शाळेतलं काहीच आलं नाही, तर त्यानं मोकळ्या मनानं दुसरा व्यवसाय शोधावा. अवघड गोष्ट सोपी करून सांगणं, चाळीस जणांचं लक्ष धरून ठेवणं, रागावलेल्या पालकाशी शांतपणे बोलणं, वर्षाचं नियोजन वेळेत पार पाडणं, ही कौशल्यं कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांना, बँकांना, समुपदेशनाच्या क्षेत्राला, प्रकाशनाला हवी असतात.

इथे एक गाठ सोडवावी लागते. "एवढी वर्षं घातली, डी.एड., बी.एड. केलं, आता कसं सोडू?" काही ठिकाणी तर नोकरीसाठी जमीन विकून पैसे भरलेले असतात. ते उघडपणे बोललं जात नाही, पण माणसाला बांधून ठेवतं. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात: जो झालेला आहे आणि राहिलं काय, गेलं काय, परत येणार नाही. निर्णय घेताना तो मोजायचा नसतो. पुढची पंधरा वर्षं इथे कशी जातील आणि तिथे कशी जातील, एवढंच मोजायचं असतं. घरच्यांना हे पटवणं कठीण जातं, कारण "पर्मनंट नोकरी" हा मराठी घरांतला फार मोठा शब्द आहे. तरी जोडीदारासमोर हा हिशेब उघड मांडलाच पाहिजे.

सोडणारा प्रत्येक जण खचलेला असतो असंही नाही. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी जीव टाकला, 'विद्यार्थी' मासिक चालवलं आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेतली. त्यांना शाळेनं बाहेर ढकललं नव्हतं, देशाच्या कामानं ओढून घेतलं होतं. आपल्याला मागून ढकललं जातंय की पुढून ओढलं जातंय, हे तपासणं फार उपयोगी पडतं. ढकलला गेलेला माणूस अनेकदा घाईत मिळेल ते काम धरतो आणि वर्षभरात तिथेही तसाच दमतो. त्यानं आधी थोडी विश्रांती घ्यावी. सेवानियमांत असाधारण रजेची तरतूद आहे. ती बिनपगारी असते आणि मंजुरीवर अवलंबून असते, पण अशा वेळी तिचा विचार जरूर व्हावा.

७. राजीनाम्याआधीचे कागद आणि पैसे

भावना बाजूला ठेवून करायची ही कामं आहेत.

महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ चे नियम आहेत. त्यानुसार कायम कर्मचाऱ्यानं तीन महिन्यांची सूचना द्यायची असते, कायम नसलेल्यानं एका महिन्याची. राजीनामा दोन प्रतींत लिहून दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालानं पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची, असं कायदाच सांगतो. म्हणून कोऱ्या कागदावर किंवा तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर कधीही सही करू नये.

२००९ च्या दुरुस्तीनं शिक्षकही उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याखाली आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून. खासगी शाळांनी याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये फेटाळलं. विनाअनुदानित शाळेत अनेकांना हा हक्क माहीतच नसतो. हिशेब सोपा आहे. समजा, शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि नोकरी आठ वर्षं. २६,००० ला २६ नं भागलं की दिवसाचे १,००० रुपये. वर्षाला १५ दिवसांचे १५,०००. आठ वर्षांचे १,२०,००० रुपये. कायम नोकरीत त्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात.

पतसंस्थेचं कर्ज ही आणखी एक महत्त्वाची बाब. शिक्षक पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो आणि जामीनदार सहकारीच असतात. पगार थांबला की वसुली त्यांच्या पगारातून होऊ शकते. राजीनाम्याआधी हे कर्ज फेडावं किंवा जामीनदारांशी बोलून मार्ग काढावा. हाताशी किती पैसे असावेत? घरखर्च ४०,००० आणि गृहकर्जाचा हप्ता १५,००० असेल, तर महिन्याला ५५,००० लागतात. नव्या कामात बस्तान बसायला नऊ महिने धरले तर ४,९५,००० रुपये. तेवढे नसतील तर आधी साठवावेत.

नवं काम आजमावण्यासाठी नोकरीत असतानाच शिकवण्या सुरू करण्याचा मोह होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकांना खासगी शिकवणीला बंदी आहे. सरकारी सेवेत इतर व्यवसायालाही वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगी लागते. शिकण्यावर मात्र कुठली बंदी नाही. समुपदेशनाची पदविका, भाषांतर, संगणकावरचं साहित्यनिर्मितीचं काम हे सुट्ट्यांत शिकून पाहता येतं.

८. राहायचं ठरलं तर

बहुसंख्य शिक्षक राहतील आणि राहावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण "ध्यान करा, सकारात्मक राहा" असं सांगून त्यांची बोळवण करू नये. डॉक्टरांमधल्या बर्नआउटवरच्या अभ्यासांचं २०१७ मध्ये एकत्रित विश्लेषण झालं. व्यक्तीला बदलण्याच्या उपायांपेक्षा कामाची पद्धत बदलणाऱ्या उपायांचा परिणाम जास्त दिसला. शाळेत याहून वेगळं घडेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांविषयी लिहिलं. त्यांतल्या काही जणांनी रुग्णांशी बोलणं, नातेवाइकांना वाट दाखवणं हे आपल्या कामाचाच भाग मानलं होतं आणि त्यांना काम अर्थपूर्ण वाटत होतं. मिळालेल्या चौकटीत आपल्या कामाला थोडा आकार देण्याची जागा बहुतेकांना सापडते, असं त्यांचं सांगणं.

दोन शिक्षकी शाळेत ही जागा कशी काढता येईल, ते पाहू. सकाळचे पहिले दोन तास दोघांचेही फोन कपाटात राहतील, हे केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेवायचं. भाषा आणि गणित त्याच वेळात घ्यायचं. पोर्टलची कामं एक महिना एकाकडे, पुढचा महिना दुसऱ्याकडे. ज्याच्याकडे पोर्टल, त्याच्या मुलांचा दुपारचा एक तास दुसऱ्यानं घ्यायचा. ज्याच्याकडे बीएलओचं काम आहे, त्याला पोर्टलमधून सूट. ही वाटणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात नोंदवायची, म्हणजे पालकांनाही कळेल. शाळेच्या दिवशी शाळेच्या वेळात बाहेरच्या कामाचा आदेश आला, तर कलम २७ आणि २००७ च्या निर्णयाचा उल्लेख करून समितीच्या वतीनं गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यायचं. एकट्या शिक्षकाची तक्रार कुरकुर म्हणून बाजूला पडते. "आमच्या मुलांचा वर्ग आज बंद होता," असं पालकांनी सह्यांनिशी लिहिलं, तर कार्यालयाला त्याचं उत्तर द्यावं लागतं.